युद्धनौका आणि पाणबुड्यांचे फोटो काढायचेत? आधी जागा आणि वेळ ठरवा, लेन्सचं नंतर बघू

नौदलाच्या जहाजांचे फोटो काढायची हौस लागली की पहिला प्रश्न हमखास लेन्सचा येतो, १००-४०० मिमीची पुरेल का, की सरळ २००-६०० घेऊ, बॉडी कुठली घेऊ वगैरे. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या नंबरवर यायला हवा. पहिला प्रश्न हा की जिथे उभं राहणार आहात तिथून फोटो काढणं कायद्यात बसतं का. दुसरा हा की जहाज तिथून कधी जाणार, कुठल्या बाजूने जाणार आणि त्यावेळी सूर्य कुठे असणार. ही दोन उत्तरं हातात असली तर साध्या ७०-३०० लेन्सने पण जबरदस्त फोटो येतात, आणि नसली तर महागातली लेन्स घेऊन तुम्ही उन्हाच्या विरुद्ध बाजूला उभे असता आणि समोरून एक काळी सावली निघून जाते. म्हणून त्याच क्रमाने सांगतो.

कायदा, आणि हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

"सार्वजनिक जागेवरून जे दिसतं त्याचा फोटो काढता येतो" हे बरेच जण छातीठोकपणे सांगतात, पण तसा नियम जगभर नाही. भारतात १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्ट आहे, त्यात नौदलाचे तळ आणि गोद्या प्रतिबंधित जागांमध्ये मोडतात आणि तिथले फोटो काढणं गंभीर गुन्हा ठरू शकतं. अमेरिकेत फेडरल कायद्याच्या टायटल १८ मध्ये कलम ७९५ आहे, त्यानुसार ठरवून दिलेल्या लष्करी जागांचे आणि उपकरणांचे फोटो परवानगीशिवाय काढता येत नाहीत. याउलट इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला जहाज येणार म्हटलं की किनाऱ्यावर कॅमेऱ्यांची गर्दी होते आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. म्हणजे देश बदलला की सगळं बदलतं, आणि एका देशात सवयीने करतो ते दुसऱ्या देशात करायला जाऊ नका.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ग्रीसचं आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये १२ ब्रिटिश आणि २ डच विमानप्रेमी कालामाताच्या हवाई तळाजवळ पकडले गेले, हेरगिरीचा ठपका आला, काही आठवडे कोठडीत गेले, एप्रिल २००२ मध्ये दोषी ठरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अपिलात सुटले. त्यांच्या दृष्टीने ते फक्त छंद म्हणून विमानं बघत होते. छंद आपल्याला माहीत असतो, समोरच्या सैनिकाला नसतो, त्यामुळे त्याच्या डोक्यात काय चाललं असेल याचा विचार आपणच करायचा.

प्रत्यक्षात काय करायचं तर निघण्याआधी त्या देशाचा नियम वाचा, जागेवर पोचल्यावर लावलेले बोर्ड वाचा, शंका आली तर पहारेकऱ्याला किंवा बंदराच्या ऑफिसला सरळ विचारा. लपून, झुडपाआडून, गाडीच्या काचेतून काढू नका, उघडपणे उभे राहा. कुणी थांब म्हटलं तर थांबायचं, वाद घालायचा नाही, हक्काची भाषा तर अजिबात नाही. ड्रोन घरी ठेवा, नौदल तळाच्या आसपास ड्रोन उडवायचा विचारच करू नका. आणि स्वतःच्या किंवा भाड्याच्या बोटीतून जाणार असाल तर अंतराचे नियम माहीत हवेत. अमेरिकेत नौदलाच्या जहाजापासून ५०० यार्डांच्या आत आलात की वेग सुरक्षित चालेल इतका कमीत कमी ठेवावा लागतो आणि परवानगीशिवाय १०० यार्डांच्या आत जाताच येत नाही. बाकी देशांतही असले काही ना काही नियम असतातच.

जागा कशी शोधायची

सोपं सूत्र आहे, जिथे पाणी अरुंद होतं तिथे उभं राहा. तळावर जहाज बांधलेलं असतं तेव्हा त्याच्या पुढे क्रेन, शेड, कुंपण, तेलाचे पाइप असं सगळं येतं, शिवाय कायद्याची अडचण तिथेच सगळ्यात जास्त. बंदराच्या तोंडाशी मात्र जहाज मोकळ्या पाण्यात, चालत्या अवस्थेत, डेकवर माणसं उभी असलेलं मिळतं. पोर्ट्समथचा राउंड टॉवर, प्लिमथचा डेव्हिल्स पॉइंट या जागा याच कारणाने प्रसिद्ध आहेत. स्कॉटलंडमध्ये फासलेन तळावरच्या पाणबुड्यांना गेअर लॉक नावाच्या खाडीतून बाहेर पडायला रू नॅरोज नावाच्या चिंचोळ्या पट्ट्यातूनच जावं लागतं. जर्मनीत कीलच्या खाडीच्या तोंडाशी लाबो गावात नौदल स्मारकाचा ७२ मीटर उंच मनोरा आहे, वर जाऊन खालून जाणारी जहाजं बघता येतात. जपानमध्ये कुरेला एक छोटं किनारी उद्यान आहे, अले करासुकोजिमा, तिथून पाणबुड्या इतक्या जवळ दिसतात की पहिल्यांदा बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

इस्तंबूलचा बॉस्फरस तर या छंदात वेगळीच जागा. सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद ठिकाणी साधारण ७०० मीटर, दोन्ही बाजूंना वस्ती, चहा पीत बसलेली माणसं आणि मधून युद्धनौका. १९३६ च्या माँट्रो करारानुसार इथून युद्धनौका न्यायची तर तुर्कस्तानला आधी कळवावं लागतं, आणि पाणबुडीने दिवसाउजेडी, पाण्यावर येऊन, एकटीनेच जायचं असतं. फोटो काढणाऱ्याला याहून जास्त काय पाहिजे! अर्थात फेब्रुवारी २०२२ पासून युद्ध करणाऱ्या देशांच्या (रशिया आणि युक्रेन) युद्धनौकांना तिथून जाणं बंद झालंय त्यामुळे वर्दळ पूर्वीसारखी नाही.

पाणबुडी पाण्यावर का येते हेही समजून घ्या म्हणजे कुठे थांबायचं ते आपोआप कळतं. एक तर बंदराजवळ पाणी उथळ असतं, तिथे बुडून जाता येत नाही. दुसरं म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कलम २० नुसार दुसऱ्या देशाच्या सागरी हद्दीतून निरुपद्रवी प्रवास करताना पाणबुडीने पाण्यावर राहून आपला झेंडा दाखवायचा असतो. म्हणजे आपल्याला पाणबुडी दिसणार ती बंदरात येता-जाता नाहीतर अशा सामुद्रधुनीत, भर समुद्रात बोट घेऊन शोधायला जाण्यात काही अर्थ नाही.

नकाशावर जागा बघताना तीन गोष्टी तपासा. जहाजाचा मार्ग तुमच्यापासून किती मीटरवर आहे, तुम्ही मार्गाच्या कुठल्या बाजूला आहात, आणि जागेची उंची किती. पाणबुडीसाठी तर उंचीला फार महत्त्व आहे कारण पाण्याच्या पातळीवरून बघितलं तर मधला मनोरा आणि एक काळी रेघ एवढंच दिसतं, तेच दहा-पंधरा मीटर वरून बघितलं की हलचा म्हणजे पाणबुडीच्या धडाचा आकार, डेक, पुढच्या टोकावरून मागे घरंगळणारं पाणी, फेसाचा पट्टा सगळं उलगडतं.

कधी येणार ते कसं कळणार

मोबाइलवर जहाजं दाखवणारी एआयएसची अ‍ॅप असतात (एआयएस म्हणजे जहाज आपलं नाव आणि जागा रेडिओवरून आपोआप कळवतं ती यंत्रणा) ती घ्याच, पण त्यांच्यावर विसंबून राहू नका. एआयएस लावायचा आंतरराष्ट्रीय नियम व्यापारी जहाजांना आहे, युद्धनौकांना त्यातून सूट आहे. काही युद्धनौका बंदरात शिरताना चालू करतात, बऱ्याच करत नाहीत आणि पाणबुडीकडून अपेक्षाच ठेवू नका. पण टगचं, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटींचं, एआयएस चालू असतं! तीन-चार टग एकाच वेळी बंदराच्या तोंडाकडे निघालेत आणि मोठं व्यापारी जहाज तर कुठे दिसत नाही, असं असेल तर कॅमेरा बाहेर काढा. त्यापाठोपाठ पोलिसांच्या किंवा नौदलाच्या छोट्या गस्ती बोटी येतात, फेरी बोट मध्येच थांबवून ठेवतात, कधी हेलिकॉप्टर घिरट्या घालतं.

काही बंदरं तर अधिकृत वेळापत्रकच टाकतात, पोर्ट्समथचं हार्बरमास्टर ऑफिस रोजच्या जहाजांच्या हालचाली प्रसिद्ध करतं. जिथे असं काही नसतं तिथे भरतीचं कोष्टक बघा. मोठी विमानवाहू नौका उथळ बंदरात भरतीच्या आसपासच आत-बाहेर करते, कारण खाली पाणी पुरेसं लागतं आणि प्रवाहही मंद लागतो. भरतीची वेळ आणि सूर्याची दिशा एकत्र मांडली की त्या दिवशी जायचं की नाही हे घरीच ठरतं. सूर्याची दिशा दाखवणारी फुकट अ‍ॅप मिळतात, नकाशावर आपली जागा टाकायची आणि वेळ पुढे-मागे करून बघायची.

सुरुवात करणाऱ्यांना मी आवर्जून सांगेन की आधी जिथे फोटो काढायला उघड आमंत्रण असतं तिथे जा. कीलमध्ये दर जूनमध्ये कील वीक असतो, अनेक देशांच्या नौदलांची जहाजं येतात. बऱ्याच नौदलांचे ओपन डे असतात, फ्लीट रिव्ह्यू असतात. आणि म्युझियम झालेल्या पाणबुड्या तर सरावासाठी फारच छान. विशाखापट्टणमची कुरसुरा, गॉसपोर्टची अलायन्स, लाबोची यू-९९५ या जमिनीवर किंवा पाण्याच्या वर ठेवलेल्या आहेत, त्यामुळे एरवी पाण्याखाली राहणारा अख्खा आकार, प्रॉपेलर, सुकाणू सगळं डोळ्यासमोर येतं. एकदा तो आकार डोक्यात बसला की समुद्रातल्या पाणबुडीचा कुठला भाग कुठे संपतो ते लगेच कळतं, त्याचा उपयोग पुढे सांगतो.

आता लेन्स

इथे अंदाज लावायची गरजच नाही, गणित आहे. जहाजाची लांबी मीटरमध्ये गुणिले फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा), भागिले अंतर मीटरमध्ये, उत्तर येतं ते जहाज सेन्सरवर किती मिलिमीटर जागा घेणार. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो, एपीएस-सी साधारण २३.५ आणि मायक्रो फोर थर्ड्स १७.३.

ब्रिटनची अ‍ॅस्ट्यूट वर्गातली पाणबुडी ९७ मीटर लांब आहे. ती २ किलोमीटरवर आहे आणि तुमच्याकडे ६०० मिमी आहे, तर ९७ गुणिले ६०० भागिले २००० म्हणजे २९ मिमी, फुल फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना थोडी जागा ठेवून मस्त बसते. एपीएस-सीवर तीच बाहेर जाईल, ४०० वर या. आता उलटं बघा, क्वीन एलिझाबेथ वर्गातली विमानवाहू नौका २८० मीटर लांब आणि तुमच्यापासून १५० मीटरवरून चाललीये, २४ मिमी लावली तरी ४५ मिमी येतं, म्हणजे आडवी बसतच नाही! अशा ठिकाणी ६०० घेऊन गेलेला माणूस नुसते खिडक्यांचे फोटो घेऊन येतो. त्यामुळे जागा आधी, लेन्स नंतर हे मी परत परत सांगतोय. एकच लेन्स घ्यायची असेल तर १००-४०० झूम घ्या, जहाज लांबून येतं, जवळून जातं आणि परत लांब जातं, तिन्ही वेळा झूम कामाला येते.

लांबच्या फोटोंचा खरा शत्रू मात्र गरम हवा. पाण्यावरून आणि तापलेल्या काँक्रीटवरून उठणाऱ्या हवेने जहाजाच्या कडा थरथरतात, मास्ट वाकडे दिसतात आणि आपण उगाच फोकसला दोष देतो. यावर कुठलीच लेन्स उपाय नाही. सकाळी लवकर काढा, जवळची जागा शोधा, शक्यतो उंचावर उभे राहा, पार्किंगमधल्या गाड्यांच्या टपांवरून शूट करू नका. गाडीतल्या एसीतून कॅमेरा बाहेर काढला की काचेवर वाफ धरते, म्हणून अर्धा तास आधीच बाहेर काढून ठेवा.

सेटिंग

रॉमध्ये काढा, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये. अपर्चर एफ/८ च्या आसपास, आयएसओ लागेल तसा. शटरबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण इथे गैरसमज फार. १० नॉट वेगाने जाणारं जहाज सेकंदाला साधारण ५ मीटर जातं, म्हणजे १/५०० सेकंदात फक्त १ सेंटीमीटर. जहाजाच्या वेगाने फोटो हलत नाही, तो आपल्या हाताने आणि वाऱ्याने हलतो. किनाऱ्यावरून १/५०० ते १/१००० पुरे, स्वतः बोटीत असाल तर १/१००० च्या खाली येऊ नका. डेकवरून हेलिकॉप्टर उडत असेल तर उलट १/१२५ ते १/२५० वर या, पंख फिरताना दिसले पाहिजेत, नाहीतर ते हवेत टांगून ठेवल्यासारखं वाटतं.

एक बारकावा. नेव्हिगेशन रडारची आडवी पट्टी फिरत असते, बऱ्याच रडारचा वेग मिनिटाला २४ फेऱ्या म्हणजे अडीच सेकंदाला एक. एकच फोटो काढला तर ती पट्टी नेमकी कडेने, काडीसारखी येऊ शकते. तीन-चार सेकंद सलग फोटो घेतले की त्यात एक तरी असा मिळतो ज्यात रडार पूर्ण रुंद दिसतं, आणि जहाजाच्या नोंदीसाठी तो फोटो जास्त कामाचा.

एक्स्पोजर पाणबुडीसाठी वेगळं आणि जहाजासाठी वेगळं. राखाडी जहाज कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फारसा त्रास देत नाही. पाणबुडी मात्र काळी, भोवती चमकणारं पाणी आणि वर डेकवर पांढऱ्या गणवेशातले खलाशी, म्हणजे सगळीच टोकं एका फ्रेममध्ये. ती फ्रेममध्ये लहान असेल तर मीटर पाण्याकडे बघून फोटो अंधारा करतो, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक ०.७ पर्यंत न्या. जवळ आली, फ्रेम भरली की तोच मीटर काळ्याला राखाडी करायला बघतो, तेव्हा उणे करा. दर थोड्या वेळाने हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघा, पांढरे गणवेश जळत नाहीत ना एवढं सांभाळा, काळ्या भागातला तपशील रॉमधून नंतर वर काढता येतो पण जळालेलं पांढरं परत येत नाही.

ऑटोफोकस काळ्या गुळगुळीत हलवर भरकटतो कारण पकडायला काहीच नसतं. मनोऱ्यावरची माणसं, मास्ट, झेंडा किंवा पाण्याची फेसाळ कडा यावर सिंगल पॉइंट ठेवा. पोलरायझर (चमक मारणारा फिल्टर) वापरत असाल तर पूर्ण फिरवू नका, ओल्या हलवरची चमकच तिचा गोलावा दाखवते, ती सगळी मारली तर सपाट काळा डाग उरतो. शिवाय दीड-दोन स्टॉप उजेड जातो.

फ्रेम कशी लावायची

पाणबुडीच्या बाबतीत सगळ्यात जास्त फोटो कुठे फसतात तर शेपटीत. हलचा मागचा उतरता भाग पाण्याखाली असतो, मग थोडं नुसतं पाणी, आणि मग मागे एकटंच उभं सुकाणू पाण्यातून वर आलेलं असतं. ज्यांना आकार माहीत नसतो ते काळा भाग संपला तिथे फ्रेम संपवतात आणि सुकाणू कापलं जातं. म्युझियममध्ये आकार बघून ठेवा म्हटलं ते यासाठी. मागे भरपूर जागा सोडा, क्रॉप नंतर करता येतं.

जहाजाचे किमान तीन कोन घ्या. समोरून तिरका, यात नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक आणि पाणी कापणारी लाट येते आणि फोटोला जोर येतो. बरोबर आडवा, तो ओळख पटवायला लागतो, पूर्ण लांबी, मास्टच्या टोकापासून वॉटरलाइनपर्यंत काहीही न कापता. आणि मागून तिरका, हेलिकॉप्टर डेक आणि नावाची पाटी त्यात येते. मग वेळ उरला तर माणसं, दोरखंड, टगची धावपळ. घरच्यांना हात करणारे खलाशी सुंदर फोटो देतात, पण चेहरे मोठे दिसतील असे फोटो जगजाहीर करताना विचार करा, त्यांच्या सुरक्षेचा प्रश्न असतो. क्षितिज सरळ ठेवा, व्ह्यूफाइंडरमधली ग्रिड चालू करा. जहाज वळताना एका बाजूला कलतं, तेव्हा मास्ट सरळ करायच्या नादात समुद्र वाकडा करू नका.

पायाखाली पण बघा हो. मोठं जहाज किंवा टग गेल्यावर लाट दोन-चार मिनिटांनी येते, तोपर्यंत आपण स्क्रीनमध्ये डोकं घातलेलं असतं, आणि शेवाळलेल्या उतारावर उभं असणाऱ्याचा पाय हमखास सरकतो. घरी आल्यावर लेन्स आणि ट्रायपॉड आधी ओलसर कापडाने पुसा मग कोरड्याने, मीठ कोरडंच घासलं तर ओरखडे पडतात.

नोंद आणि शेअरिंग

जहाजाच्या अंगावरचा नंबर नीट वाचायला शिका. ब्रिटन, भारत आणि इतर बऱ्याच नौदलांत अक्षरावरून प्रकार कळतो, डी म्हणजे विनाशिका, एफ फ्रिगेट, आर विमानवाहू, एल उभयचर, पी गस्ती, ए सहाय्यक. भारताची विक्रांत आर ११ आहे. अक्षर बऱ्याचदा रंगवलेलं नसतं, नुसता आकडा असतो. रशियन नौदलात जहाजाचा नंबर अधूनमधून बदलतो, त्यामुळे जुन्या फोटोवरून नंबर जुळवत बसू नका, नाव वाचा. आणि पाणबुड्यांवर तर बहुतेक वेळा नंबरच नसतो, तिथे मनोऱ्याचा आकार, आडवे पंख मनोऱ्यावर आहेत की हलवर, अशा खुणांवरून वर्ग ओळखावा लागतो आणि नेमकी कुठली पाणबुडी ते कळलं नाही तर नुसता वर्ग लिहा. अंदाजाने नाव टाकू नका, चुकीचं नाव एकदा पसरलं की वर्षानुवर्षं तसंच कॉपी होत राहतं.

टाकायची घाई नको. जहाज तळावरून निघतंय, आत्ता इथे आहे, असलं लाइव्ह काही टाकू नका, थोडे दिवस जाऊ द्या, फोटोतलं जीपीएस लोकेशन काढा. ड्राय डॉकमधली (पाणी काढून टाकलेल्या दुरुस्तीच्या गोदीतली) पाणबुडी चुकून दिसली तर मागच्या भागाचा फोटो काढूच नका. प्रॉपेलरच्या आकारावर पाणबुडीचा आवाज अवलंबून असतो म्हणून नौदलं तो ताडपत्रीने झाकतात, २००७ मध्ये एका ऑनलाइन नकाशावर अमेरिकेच्या ओहायो वर्गातल्या पाणबुडीचा उघडा प्रॉपेलर दिसला तर त्याची जगभर बातमी झाली होती.

फाइलच्या नावात तारीख, जहाजाचं नाव, नंबर, ठिकाण आणि आत येत होतं की बाहेर जात होतं एवढं त्याच दिवशी लिहून ठेवा. तेच जहाज चार-पाच वर्षांनी परत काढाल तेव्हा रडार बदललेलं असेल, एखादी तोफ नवीन बसलेली असेल, रंग वेगळा असेल, आणि शेजारी शेजारी ठेवून बघायला हे दोन्ही फोटो शक्यतो एकाच कोनातले, आडवे आणि न कापलेले असायला हवेत, म्हणून तो एक कंटाळवाणा आडवा फोटो दर वेळी घ्याच.